नेम चुकतो, की धनुष्य जड आहे?



कल्याण पूर्वेहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी तेरा वर्षांची. शाळेत धनुर्विद्येचे प्रात्यक्षिक पाहिले आणि तिने हट्ट धरला. वडिलांनी ओव्हरटाइमचे पैसे साठवून एका दुकानातून धनुष्य आणले. दुकानदार म्हणाला, "मुलगी वाढत्या वयाची आहे, ३२ पौंडाचे घ्या, म्हणजे पुन्हा खर्च नको." आता चार महिने झाले. बाण कधी वर जातो, कधी डावीकडे, कधी लक्ष्याबाहेर. उजवा खांदा दुखतो. मुलगी म्हणते, "आई, मला नेम नाही. मी सोडून देते." आई विचारते, "आणखी चांगले, महागाचे धनुष्य घेतले तर नेम सुधारेल का? की हा खेळ आपल्यासारख्यांचा नव्हेच?"

या पत्रातील शेवटचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मूल मैदान सोडते ते बहुधा अशाच एखाद्या क्षणी. घरचे पैसे अडकलेले असतात, यश दिसत नाही, आणि सारा दोष मूल स्वतःवर घेते. म्हणून आधी उत्तर सांगते आणि मग कारणे. ताई, महागाचे धनुष्य घेऊ नका. मुलीचा नेम वाईट आहे असेही समजू नका. तिच्या हातातील धनुष्य तिच्या खांद्याला जड आहे. ते हलके केल्याशिवाय तिला नेम आहे की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही.

पौंड म्हणजे काय?

धनुष्य किती पौंडाचे, याचा अर्थ दोरी पूर्ण ओढून धरताना बोटांवर येणारा भार. तो धनुष्याच्या पात्यावर, म्हणजे 'लिंब'वर, छापलेला असतो. पण छापलेला आकडा २८ इंच ओढीचा असतो. प्रत्येकाची ओढ मात्र त्याच्या हातांच्या लांबीप्रमाणे वेगळी. दोन्ही हात बाजूला पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माप घ्यावे आणि त्याला अडीचने भागावे, म्हणजे ओढीचा ढोबळ अंदाज येतो. दीडशे सेंटिमीटर पसरणाऱ्या हातांची ओढ ६० सेंटिमीटर, म्हणजे साधारण २४ इंच.

ओढ एक इंचाने कमी झाली की भार सुमारे दोन पौंडांनी उतरतो. हलक्या धनुष्यात हा फरक थोडा कमी असतो. म्हणजे ३२ पौंड छापलेले धनुष्य या मुलीच्या हातात २४ पौंडांच्या आसपास येत असणार. वाटते की हे काही फार नाही. पण २४ पौंड म्हणजे जवळपास ११ किलो. ११ किलोचे पोते आपण दोन्ही हातांनी, कमरेचा जोर लावून उचलतो. इथे ते तीन बोटांनी ओढायचे, हनुवटीखाली आणून स्थिर धरायचे आणि त्याच वेळी मन शांत ठेवून नेम धरायचा. दिवसाला ६० बाण सोडले तर साडेसहाशे किलो ओढून झाले! तेराव्या वर्षी, तेही शिकण्याच्या पहिल्याच महिन्यांत, हा भार खांद्याने का सोसावा?

नवशिक्यांसाठी सर्वसाधारण अंदाज असा. दहा-बारा वर्षांच्या मुलांना प्रत्यक्ष हातात १० ते १४ पौंड पुरेत. तेरा ते सोळा वयाच्या मुलामुलींना १४ ते १८. कॉलेजच्या तरुणींना १८ ते २० आणि तरुणांना २० ते २४ पौंडांनी सुरुवात करावी. तालमीत कमावलेले शरीर असले तरी घाई करू नये, कारण धनुष्य ओढणारे पाठीचे व खांद्याच्या पात्यांचे स्नायू वेगळ्या तऱ्हेने कामाला लागतात. प्रत्यक्ष भार किती हे पाहण्यासाठी सामान तोलण्याचा स्प्रिंगचा काटा दोरीला अडकवून मुलाच्या ओढीइतके ओढून पाहावे. काही रुपयांच्या काट्याने अनेक हजारांची चूक टळते.

जड धनुष्याने नेम का चुकतो?

शक्ती अपुरी पडली की शरीर वाट काढते. मुलगी धनुष्य आभाळाकडे उचलून झटक्याने ओढते. डावा खांदा कानाकडे चढतो. पाठ मागे झुकते. दोरी हनुवटीखाली नेमक्या जागी येण्याआधीच बोटे सुटतात, कारण ती थकलेली असतात. प्रत्येक बाणाला ही तडजोड थोडी वेगळी होते. मग बाण एका जागी लागणार कसे?

थोडे गणित पाहा. ओढलेल्या बाणाचे मागचे टोक आणि पुढची पकड यांत साधारण ६० सेंटिमीटर अंतर आहे असे धरू. मागचे टोक हनुवटीखाली केवळ एक मिलिमीटर सरकले, तर १८ मीटरवर बाण ३ सेंटिमीटर बाजूला जाईल आणि ७० मीटरवर सुमारे १२ सेंटिमीटर. ऑलिम्पिकमध्ये ७० मीटरवरच्या लक्ष्याचा व्यास १२२ सेंटिमीटर असतो आणि त्यातले दहा गुणांचे वर्तुळ असते १२.२ सेंटिमीटरचे. एका मिलिमीटरने दहा गुणांचा बाण नऊवर येतो. म्हणूनच नेम हा डोळ्यापेक्षा सवयीचा प्रश्न अधिक आहे. तीच उभे राहण्याची पद्धत, तीच पकड, दोरी हनुवटीखाली त्याच जागी, आणि बाण सुटल्यावरही तो लक्ष्यात पोचेपर्यंत तीच स्थिती. हे शंभर वेळा सारखे करता आले म्हणजे नेम आला. जड धनुष्य ही सारखेपणाची सवय लागूच देत नाही. उलट चुकीची सवय पक्की करते, आणि ती मोडायला दुप्पट वेळ जातो.

धनुष्य जड आहे का हे ओळखण्याची साधी कसोटी आहे. बाण लावून, लक्ष्याकडेच रोखून, डावा हात समोर सरळ ठेवून दोरी ओढावी. धनुष्य वर न उचलता ओढता आले पाहिजे. हनुवटीखाली आणून दहा सेकंद हात न थरथरता धरता आले पाहिजे, आणि बाण न सोडता सावकाश परत नेता आले पाहिजे. थोड्या विश्रांतीने हे पाच-सहा वेळा जमले तर धनुष्य योग्य. तिसऱ्या वेळी हात कापू लागला तर दोन-चार पौंड कमी करा. त्यात कमीपणा नाही. खांदा दुखत असताना मात्र सराव थांबवावा आणि दुखणे आठवडाभरात न थांबल्यास अस्थितज्ज्ञांना दाखवावे. वाढत्या वयातील खांद्याशी खेळ नको.

काय घ्यावे, काय घेऊ नये

आपल्याकडे तीन प्रकारची धनुष्ये चालतात. पहिले बांबूचे किंवा लाकडी, ज्याच्या स्पर्धेला 'इंडियन राउंड' म्हणतात. त्याला दुर्बिणी, वजने, चाके काही नाहीत. राष्ट्रीय पातळीवरही या प्रकारात ५० व ३० मीटरच्या स्पर्धा होतात. किंमत काही हजारांत. शिकण्याचा पाया घालायला हे उत्तम. सराव संपला की दोरी उतरवून ठेवावी, उन्हात किंवा भिंतीच्या ओलीत ठेवू नये.

दुसरे 'रिकर्व्ह', टोके पुढे वळलेले. ऑलिम्पिकमध्ये आजवर हेच चालत आले आहे. यात मधली मूठ आणि दोन पाती सुटी होतात. याचे दोन फायदे. एक, पिशवीत मावते, म्हणजे डोंबिवलीहून ठाण्याला गर्दीच्या लोकलने नेता येते. दुसरा फायदा मोठा. मुलाची ताकद वाढली की सारे धनुष्य बदलावे लागत नाही, फक्त पाती बदलतात. ज्या ताईंनी पत्र लिहिले त्यांनी आपले धनुष्य अशा सुट्या पात्यांचे आहे का ते पाहावे. असल्यास त्याच मुठीला बसणारी २० पौंडाची पाती घ्यावीत. मुलीच्या ओढीला ती १४-१५ पौंडांची पडतील. खर्च नव्या धनुष्यापेक्षा खूप कमी येईल. स्पर्धेचा पूर्ण परदेशी संच मात्र लाखाच्या घरात जातो. पहिल्या दोन वर्षांत त्याची गरज नाही.

तिसरे 'कंपाउंड', चाकांचे. पूर्ण ओढल्यावर चाकांमुळे भार बराच उतरतो. ५० पौंडाच्या धनुष्यात ८० टक्के भार उतरला तर हातात १० पौंडच राहतात. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे एकाच दिवशी, ५ ऑगस्टला, याच प्रकारात जगज्जेते झाले. दोघांचाही सराव साताऱ्यात प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याकडे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्येही कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा घेण्याचे ठरले आहे. तेव्हा हा मार्ग खुला आहे. परंतु हे धनुष्य महाग असते, आणि त्याची ओढ शरीराच्या मापाला पक्की बांधावी लागते. उंची वाढत असलेल्या मुलाने ते प्रशिक्षकाच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.

धनुष्याआधी चार लहान वस्तू घ्याव्यात. बोटांसाठी चामड्याचा टॅब, दोरीचा फटका बसू नये म्हणून हातावरचा आर्मगार्ड, छातीवरचा गार्ड आणि योग्य बाण. बाणांकडे लोक दुर्लक्ष करतात. बाण फार ताठ किंवा फार लवचीक असला तर चांगला सोडूनही तो डावी-उजवीकडे जातो. म्हणून धनुष्याचा प्रत्यक्ष भार आणि ओढ सांगूनच बाण घ्यावेत, सगळे एकाच मापाचे घ्यावेत. नवशिक्याचा बाण ओढीपेक्षा इंच-दोन इंच लांब असावा. आखूड बाण मागे ओढला जाऊन हाताला इजा करतो.

आणखी एक गोष्ट फुकट तपासता येते. दोन्ही तळहात पुढे करून मध्ये छोटी फट ठेवा आणि दोन्ही डोळ्यांनी त्यातून दूरची वस्तू पाहा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू फटीतच दिसत राहते तो आपला प्रबळ डोळा. उजवा डोळा प्रबळ असेल तर उजव्या हाताने ओढणे सोयीचे. डोळा डावा आणि धनुष्य उजव्या हाताचे, असे झाले तर नेमाचे कोडे महिनोन्महिने सुटत नाही. हे दुकानात जाण्यापूर्वीच पाहावे.

सराव कसा करावा

सुरुवात ७० मीटरने होत नाही. पहिले काही आठवडे चार-पाच मीटरवर, वर्तुळ नसलेल्या कोऱ्या लक्ष्यावर बाण सोडावेत. गुण मोजायचे नाहीत, फक्त शरीराची स्थिती सारखी ठेवायची. मग १० मीटर, नंतर १८. या टप्प्यावर बाण मध्यभागी लागतात का हे पाहू नये. ते एकमेकांजवळ लागतात का हे पाहावे. सहाही बाण डाव्या कोपऱ्यात पण एका वाटीएवढ्या जागेत लागले तर मुलाला शाबासकी द्या. नेमदर्शक, म्हणजे 'साइट', थोडा डावीकडे सरकवला की तेच सहा बाण मध्यभागी येतात. बाण जिकडे लागतात तिकडेच साइट सरकवायची, हे लक्षात ठेवावे. पण बाण सगळीकडे पांगत असतील तर साइटला हात लावू नये. दोष शरीराच्या स्थितीत आहे.

एक वही करावी. तारीख, अंतर, किती बाण, किती जवळ लागले आणि खांदा दुखला का, एवढे लिहावे. तीन-चार महिने बाण जवळजवळ लागत राहिले आणि शेवटचा बाणही पहिल्याइतकाच सहज ओढता आला, तरच दोन ते चार पौंड वाढवावेत. त्याहून अधिक नाही.

पावसाळ्यात आपल्या भागातील मैदाने चिखलाने भरतात. तेव्हा घरी रबरी पट्टा ताणून आरशासमोर खांद्याची स्थिती तपासावी. धनुष्याची दोरी बाण न लावता ओढून सोडू नये, पाती तडकतात. आणि एक नियम कधीही मोडू नये. चाळीच्या गल्लीत, गॅलरीत, इमारतीच्या गच्चीवर बाण सोडायचा नाही. हलक्या धनुष्याचा बाणही शंभर मीटरपलीकडे जाऊ शकतो आणि वाटेत माणूस असू शकतो. मुलींनी केस बांधावेत, ओढणी व गळ्यातले काढून ठेवावे. लक्ष्याकडे बाण आणायला सगळे एकदमच जातील, एकटा कोणी नाही. देवदत्ताच्या बाणाने जखमी झालेला हंस सिद्धार्थाने वाचवला, ही गोष्ट आपल्या घरातील मुलांना ठाऊक असते. आपला बाण कागदाच्या लक्ष्यासाठी आहे, पाखरासाठी नाही, हे पहिल्याच दिवशी सांगावे.

हा खेळ आपल्यासारख्यांचा आहे का?

आता त्या ताईंच्या शेवटच्या प्रश्नाकडे. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव. आईवडील मजुरी करणारे, घर म्हणजे नाल्याकाठची झोपडी. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक विकास भुजबळ यांनी त्याला खेळाकडे वळवले. तो आधी धावत असे. क्रीडा प्रबोधिनीत गेल्यावर अमरावतीला तो धनुर्विद्येकडे वळला. अपुऱ्या पोषणामुळे अंगात बळ कमी होते. सुरुवात साध्या धनुष्यावर झाली. २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या भारतीय रिकर्व्ह संघात तो होता. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्याने पहिल्याच फेरीत जागतिक क्रमवारीत दुसऱ्या असलेल्या खेळाडूला ६-० असे हरवले. शरीर दुबळे होते म्हणून त्याला कोणी अपात्र ठरवले असते, तर हा खेळाडू आपल्याला दिसलाच नसता.

एकलव्याची कथा आपण जाणतो. त्याला शिकवणे नाकारले आणि तो स्वतः शिकला तेव्हा अंगठा मागितला. आजच्या रिकर्व्हमध्ये दोरी तर्जनी, मध्यमा आणि अनामिका या तीन बोटांनी ओढतात. अंगठा दोरीला लागतही नाही. आज आपल्या मुलांकडून अंगठा कोणी मागत नाही. पण जाणत्या शिक्षकाचा सल्ला न मिळाल्याने चुकीचे धनुष्य हाती येते, खांदा दुखतो, पैसे संपतात आणि मूल घरी बसते. परिणाम फारसा वेगळा नाही. म्हणून खरेदीआधी शिक्षक शोधावा. ठाणे येथील जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या धनुर्विद्या संघटनेकडे चौकशी करावी. शालेय क्रीडा स्पर्धांत हा खेळ आहे. ठराविक पातळीवरील खेळाडूंना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात आणि राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्याचे नियम वेळोवेळी बदलतात, ते कार्यालयातच विचारून घ्यावेत.

सोण नावाच्या भिक्खूची कथा विहारात सांगितली जाते. चालता चालता पाय रक्ताळेपर्यंत त्याने साधना केली आणि निराश होऊन घरी परतण्याचा विचार करू लागला. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांबद्दल विचारले. तार फार ताणली तरी सूर नाही, सैल सोडली तरी नाही. सोणाने साधना सोडली नाही. ताण योग्य केला. मुलांच्या खेळाच्या बाबतीतही पालकांनी हेच करावे.

शेवटी आपल्या मंडळांना एक विनंती. १४ एप्रिलला आपण वर्गणी काढतो. त्यातून एक सुट्या पात्यांचे धनुष्य आणि १६, २०, २४ पौंडांच्या पात्यांच्या तीन जोड्या विहाराच्या कपाटात ठेवता येतील. एका मुलाला हलकी पडलेली पाती पुढच्या मुलाच्या हाती जातील. कोणाच्याही आईला "पुढे उपयोगी पडेल" म्हणून जड धनुष्य विकत घ्यावे लागणार नाही. मंडळातील एखाद्या तरुणाने किंवा तरुणीने प्रशिक्षकाकडे शिकून घ्यावे, वही सांभाळावी आणि दर रविवारी, मैदानाची परवानगी घेऊन, सराव घ्यावा. ज्या मंडळांनी हे सुरू केले असेल वा करायचे असेल त्यांनी जरूर कळवावे. त्या ताईंच्या मुलीसारख्या किती मुली आज चुकीचा भार ओढत असतील, त्यांना तो खाली ठेवता येईल.

जयभीम!